मुनशीच्या डोक्यावरचे खड्डे

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

दुरुस्ती. ३ सप्टेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे: 'नोकरीत कायम झाले म्हणून दिनूकाकांनी मला मासा आणून दिला.' हे चूक आहे. मासा माझ्यासाठी आणलेला नाही. बाबांसाठी आणलेला आहे.

आज फराळाचे डबे आवरताना आई बोलून गेली. मी म्हणत होते की मुनशीला ही तीन फुटी टाकी आता पुरायची नाही, ऑस्कर जातीचा मासा फूटभर होतो. आई म्हणाली, "इतकं काय करायलीस त्याचं? तो काय जन्माला पुरणारय का? बाबांचं वर्ष निघालं म्हंजे झालं."

म्हणजे काय, विचारलं. मग सगळं बाहेर आलं. काकांच्या ओळखीच्या एका गुरुजींनी सांगितलं की बाबांचं हे वर्ष वाईट आहे. घरात मोठा मासा पाळा. घरावर जे यायचं ते तो अंगावर घेतो आणि मरतो. तो मेला की समजायचं, टळलं.

अडीच महिने मी त्याला हातानं खाऊ घालते आहे. आला तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा होता. आता पाच इंच. त्याच्या जबड्याच्या ठेवणीमुळे तो सतत कुणाच्या तरी अर्जावर नाराज असल्यासारखा दिसतो, म्हणून मी त्याला मुनशी म्हणाले. आणि घरातले सगळे तो मरायची वाट बघत आहेत! मला कुणी सांगितलं नाही. पेढे वाटले होते त्या दिवशी, माझ्या नोकरीचे म्हणून.

जुनी नोंद खोडत नाही. दम्यामुळे तिसरीपर्यंत मला शाळा नव्हती, बाबा कॉलेजच्या ऑफिसातून आले की घरी शिकवायचे. चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं आणि तारीख घालायची, हे त्यांचंच. आता औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये तेच करते.

बाबांना हे माहीत आहे का, ते विचारलं नाही. म्हणजे, धीर झाला नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल एकादशी. आईनं मु.ला खाऊ द्यायला बंदी केली. "आपण सगळे उपाशी अन् तो एकटा जेवणार?" तो दिवसभर काचेवर थुतरी आपटत होता. थर्मामीटर दोनदा उपटलं. मी आईशी भांडले. मुक्या जिवावर उपवास लादायचा, हे कुठलं पुण्य.

आज कामावरून परस्पर शहागंजला इरफानभाईंच्या दुकानात गेले. मासा काकांनी त्यांच्याकडूनच आणलेला. तक्रारीच्या सुरात सांगितलं. ते म्हणाले, "अम्मी सही है बाजी. हफ्ते में एक दिन भूका रखनाच. नै तो चर्बी चढती इसको."

म्हणजे आई बरोबर, मी चूक. घरी येऊन सांगितलं. आई: "मग! शास्त्र आहे ते." आता पुढच्या एकादशीपर्यंत ऐकावं लागणार.

१० डिसेंबर, रविवार

फ्रीजवरून भांडण. नुसत्या गोळ्यांवर मु. नीट वाढणार नाही. इरफानभाई सांगतात, सालासकट कोळंबी द्या, मटार द्या, गांडुळं द्या. मटार घरात आहेत. गांडुळं कुठून आणू? पाऊस झालाच नाही. आमच्या बिल्डिंगच्या जागी दोन वर्षांपूर्वी ज्वारी होती म्हणतात. खालच्या बागेत खुरपं मारलं तर ठण्ण वाजतं.

म्हणून पावशेर कोळंबी आणली. दोन पिशव्या, वर घट्ट झाकणाचा डबा, डबा फ्रीझरच्या कोपऱ्यात. आईला ओला नारळ शोधताना सापडला. पूर्ण फ्रीज रिकामा करून धुतला. टँकरचं तीन दिवसांचं पाणी त्यात गेलं, ते कुणी मोजलं नाही. लगेच काकांना फोन. काका मला: "आपल्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पूजा चालत आली. अन् तू फ्रीजात मेलेलं ठेवायलीस?"

हे तेच काका. कोळंबी घरात आली तर विटाळ. आणि एक अख्खा जिवंत जीव बाबांच्या बदल्यात द्यायचा ठरवून घरात आणला, तो हॉलमध्ये, देव्हाऱ्यासमोर. त्याला विटाळ नाही.

तोंडावर बोलले नाही. 'बरं' म्हणाले. स्वतःचाच राग आला.

कोळंबी आता इरफानभाईंच्या घरच्या फ्रीझरमध्ये राहणार. ते स्वतःहून म्हणाले. रविवारी जायचं, आठवड्याची घेऊन यायची नाही, त्या दिवसाचीच आणायची.

७ जानेवारी २०२४, रविवार

सात इंच. (काचेला बाहेरून पट्टी लावून मोजलं. अर्धा इंच इकडेतिकडे.) अंगावर नारिंगी ठिपके उठले आहेत, शेपटीपाशी डोळ्यासारखा एक गोल.

मी आले की पुढे येतो. आई आली की मागे जातो आणि गोळी थुंकतो. पाणी बदललं की रुसून एका कुशीवर पडून राहतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं गेला, रडले होते. आता माहीत आहे, नाटक असतं. सगळी खडी एका कोपऱ्यात नेऊन रचतो. मी सपाट करते. तो परत रचतो.

बाबा हल्ली सकाळी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसतात. जिना चढून आले की दम घेतात तेवढा वेळ. आज विचारलं, "हा झोपतो कधी गं?" मी म्हटलं, दिवा बंद केला की. "डोळे उघडे ठेवून?" हो. "अवघडय," म्हणाले.

४ फेब्रुवारी, रविवार

दि.का. आले होते. जेवायच्या आधी टाकीपुढे उभे राहिले, हात मागे बांधून, बाजारात उभं राहतात तसे. "चांगला भरलाय. असाच पाहिजे. किरकोळ माशाला काय झेपणारय?"

मी आजवर काकांना उलट बोलले नव्हते. आज बोलले. "काका, बोकड पोसायलो का आपण?"

आई: "थोरल्यांशी असं बोलतात का?"

काका हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "बोकड कापावा लागतो, बाळ. हा आपल्या मनानं घेतो अंगावर."

"त्याला कुणी विचारलं का?"

"ताट वाढ," आई म्हणाली.

बाबा तिथंच होते. पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

म्हणजे बाबांना माहीत आहे.

३ मार्च, रविवार

सोसायटीची मीटिंग, पार्किंगमध्ये. महापालिकेची लाइन चिकलठाण्याच्या या बाजूला कधी येणार ते कुणी सांगू शकत नाही. तोवर टँकर, तोही आता चार दिवसांआड. सेक्रेटरी उभे राहिले: "काही घरी मासे पाळलेत. लोकांना अंघोळीला नाही, याचा त्यांनी विचार करावा." 'काही घरी' म्हणजे एकच घर. सगळ्या माना आमच्याकडे.

मी उभी राहिले. सांगितलं की मी माझ्या वाट्याची बादली मु.ला देते आणि स्वतः ओल्या पंच्यानं अंग पुसते. टाकीतून काढलेलं पाणी वाया जात नाही, संडासला वापरतो, उरलेलं तुळशीला. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, माशाचं पाणी तुळशीला?" सगळे हसले. रोज आपल्या कार धुणारे दोघं पहिल्या रांगेत होते. तेही हसले.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, थोडे दिवस नको बदलू, लोकांच्या तोंडी नको लागायला. ठीक. नाही बदलत.

२९ मार्च, शुक्रवार

मु.च्या डोक्यावर, डाव्या डोळ्याच्या वर, तीन बारीक खड्डे. टाचणी टोचल्यासारखे. उजवीकडे एक.

इरफानभाईंना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "पानी कब बदले थे बाजी?" मी तारीख सांगितली. मग: "इत्ते बडे जानवर को इत्ते दिन? खड्डे की बीमारी है ये. गंदे पानी सेच होती."

म्हणून इथं स्वच्छ लिहून ठेवते, पुढे कुणी काही म्हणालं तर. ३ मार्च ते २९ मार्च, सव्वीस दिवस, पाणी बदललेलं नाही. टाकी लहान. मासा मोठा. कारण हे आहे. दुसरं कुठलंही नाही. आणि ही चूक माझी आहे, सेक्रेटरींची नाही. मी ऐकलं म्हणून झालं.

मी या आजाराबद्दल वाचत होते तेवढ्यात आईनं काकांना फोन केलाही. संध्याकाळी काका हजर. टाकीपुढे नारळ फोडला. खोबरं वाटलं. "घेतलं बघ त्यानं. सुरू झालं." आईच्या डोळ्यांत पाणी, आनंदाचं. मला प्रसाद दिला. मी हातात घेतला आणि खाल्ला नाही. मग खाल्ला, कारण टाकून द्यायचं पाप नको. असली मी.

१४ एप्रिल, रविवार

दर दोन दिवसांनी पाणी बदलते आहे. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. टँकरवाल्या मामांना सांगून एक जादा ड्रम भरून घेते. ते म्हणाले, "माशाला व्हय? भरा की. त्याला काय नळ हाय का." सगळ्या बिल्डिंगीत हे एक वाक्य माणसाचं.

खड्डे वाढायचे थांबले होते, पण भरत नाहीत. उलट दोन एकमेकांत मिसळले. आत पांढरं दिसतं. इरफानभाई: "अब दवा डालनी पडती." माणसांना जुलाबावर देतात तीच गोळी, टाकीच्या मापानं. दहा दिवसांचा कोर्स, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलून. आमच्याच लॅबमध्ये मी ती गोळी तपासलेली आहे. मात्रा मी तीनदा काढून पाहिली.

काका फोनवर: "हात लावायचा नाही. औषध दिलं की त्यानं घेतलेलं सुटतं. सुटलं की ज्याचं त्याच्यावर परत जातं."

"हे कुठं लिहिलंय?"

"सगळं लिहिलेलं नसतं."

हो ना. सोयीचं ते कधीच लिहिलेलं नसतं. मासा मेला तर खरं ठरणार. जगला तर माझ्यामुळे बिघडलं म्हणणार. यांचं चुकूच शकत नाही, अशी गोष्ट लॅबमध्ये मी एक दिवस ठेवून घेणार नाही.

औषध आणून कपाटात ठेवलं. दिलं नाही. आईनं शपथ घातली. स्वतःची घातली असती तर मोडली असती. बाबांची घातली.

९ मे, गुरुवार

बाबांचा रिपोर्ट आला. हृदयाची झडप खराब आहे. बदलावी लागेल. डॉक्टर चांगले बोलले, घाईत नव्हते. ऑपरेशन मंगळवारी, २८ मे.

म्हणजे दम जिन्यामुळे नव्हता. आम्ही सगळे जिन्याला नावं ठेवत होतो.

घरी आल्या आल्या आई आधी टाकीकडे गेली. मग देवाकडे.

१२ मे, रविवार

मु.नं कोळंबी तोंडात घेतली आणि सोडून दिली. मटार बघितला नाही. कालपासून काही नाही. दहा इंचांचा झाला आहे, पूर्ण वाढलेला म्हणतात तसा, आणि कोपऱ्यात खडीवर टेकून असतो. खडी हलवत नाही. मी मुद्दाम सपाट केली. तशीच आहे.

आईला सांगितलं, तो खात नाही. आई 'अरेरे' म्हणाली. पण त्याच्या आधी, क्षणभर, तिचा चेहरा सुटला. सैल झाला. मी बघितलं. तिला कळलं मी बघितलं ते.

मग भाकरी थापता थापता म्हणाली, "मला राक्षसीण समजू नको. मला नवरा पाहिजे."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

१७ मे, शुक्रवार

सकाळी लवकर जाग आली. हॉलमध्ये बाबा. खुर्चीवर नाही, टाकीसमोर जमिनीवर बसलेले, कपाळ काचेपाशी. मी दारात थांबले. ते हळू बोलत होते. "सगळं नको. माझं थोडं तू घे. थोडंच."

मु. त्यांच्या बाजूला आला होता. पाच दिवसांत पहिल्यांदा जागचा हलला. बाबांकडे बघत होता, किंवा मला तसं वाटलं.

मागे फिरले. दात घासले. कामावर गेले. दिवसभरात एक रीडिंग दोनदा चुकलं.

काकांवर चिडता येतं. आईवरही येतं. ज्यांनी मला अक्षर शिकवलं, ते माझ्याहून भित्रे आहेत म्हणून त्यांच्यावर कसं चिडायचं? पण चिडले आहे. कुणीतरी या माणसाच्या भीतीचा फायदा घेतला. त्याला सांगितलं की तुझ्या जिवाला पर्याय हॉलमध्ये पोहतोय. आता तो त्याच्यापुढे भीक मागत बसतो.

१९ मे, रविवार

सगळे जमले. काका, आई, बाबा, मी. मी म्हटलं, मला औषध द्यायचं आहे. शपथ परत घ्या.

काका आज मऊ बोलले. "हे बघ, मी काय त्याचा वैरी नाही. नऊ दिवसांचा प्रश्न आहे. दादाचं ऑपरेशन होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू त्याला औषध दे, दूध दे, काय द्यायचं ते दे. मी स्वतः मोठी टाकी आणून देतो."

ऐकायला किती शहाणपणाचं. आई माझ्याकडे बघत होती. मी जवळजवळ हो म्हणाले होते.

गच्चीवर जाऊन इरफानभाईंना फोन केला. दहा दिवस थांबलं तर? "सच बोलूं बाजी? नै निकालता इत्ते दिन. पाँच-छे दिन में दवा नै पडी तो फिर मत डालो. फालतू में तडपेगा."

खाली येऊन तसंच सांगितलं. काका म्हणाले, "मग त्याची वेळ आलीय." हे म्हणताना त्यांचा आवाज अगदी शांत होता. मला वाटतं ते खरंच मानतात. ढोंगी असते तर सोपं गेलं असतं.

बाबा उठून टाकीचा दिवा बंद करून आले.

२१ मे, मंगळवार

बाबांना डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासायला. रांगेत आम्ही दोघंच. विचारायचं ठरवून गेले होते. वाक्यसुद्धा तयार होतं. "बाबा, मुनशीला..." एवढं म्हणाले.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "मला विचारू नको."

"पण..."

"विचारलंस तर मी नको म्हणेन. अन् मला तसं म्हणायचं नाही."

मग त्यांचा नंबर आला. आत जाताना चप्पल कोपऱ्यात नीट लावून गेले.

परत येताना त्यांनी रिक्षावाल्याशी पाण्यावर गप्पा मारल्या. त्याच्या गल्लीत आठ दिवसांनी येतं म्हणे. त्याला सांगत होते, "आमच्याकडं एक मासा आहे, त्याला रोज ताजं लागतं." तक्रार नव्हती ती. कौतुक होतं.

२२ मे, बुधवार

आज रजा टाकली. विचार कागदावर मांडते.

भीती मला नाही असं नाही. मंगळवारी काही वाईट झालं तर या घरात जन्मभर माझं नाव निघेल. आई तोंडानं म्हणणार नाही. काका म्हणतील. मीही म्हणेन का, मनात? प्रामाणिकपणे: हो, कधी कधी म्हणेन. खोटं आहे हे माहीत असूनही म्हणेन. त्याची तयारी होते का ते बघत होते. पूर्ण होत नाही. तशीच करायची.

दुसरी बाजू. मी काही केलं नाही, मु. मेला, बाबा वाचले. मग सगळे पेढे वाटतील आणि पुढच्या वाईट वर्षी नवीन मासा आणतील. अंगठ्याएवढा. आणि बाबा उरलेलं आयुष्य समजत राहतील की ते कुणाच्या तरी बदल्यात जगतायत. हे मला सहन होणार नाही. डॉक्टर झडप बदलणार आहेत. तेवढ्यावरच बाबांनी जगावं.

शपथ मोडणार. आईला आजच सांगितलं, लपवून करायचं नाही म्हणून. ती पोळपाट धूत होती. म्हणाली, "कधी?" मी दिवस सांगितला. ती धूतच राहिली, तांब्यातलं पाणी संपलं तरी. मी पोळपाट तिच्या हातातून घेतला. म्हणाली, "मी तेव्हा देवळात जाईन. मला बघायचं नाही." मग: "त्या गोळीनं त्याला त्रास व्हायचा का?" नाही म्हटलं.

आजच का नाही: घरात दीड बादली पाणी आहे, ते बाबांना लागणार. टँकर शुक्रवारी रात्री, २४ ला. मामांना तीन ड्रम सांगितले आहेत. क्लोरीन उतरायला पाणी एक दिवस तरी उघडं ठेवावं लागतं, तेवढं नाही ठेवता येणार, म्हणून क्लोरीन उतरवायचे खडे घालायचे. काका रविवारी राहायला येणार. ते यायच्या आत पहिली मात्रा, पण ते आल्यावरही दुसरी, तिसरी, त्यांच्यासमोर. ऑपरेशनच्या सकाळीही पाणी बदलून मगच हॉस्पिटलला जाईन.

मु. आज कुशीवर पडलेला आहे. पाणी बदललेलं नाही, म्हणजे रुसवा नाही. कल्ला हलतो आहे. मिनिटाला किती ते मोजलं, लिहीत नाही.

पहिली मात्रा: शनिवार, २५ मे, सकाळी साडेसहा वाजता.